नाळेवर खापर फोडणाऱ्या डॉक्टरांस

डॉक्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे आणि तिथे ते पदवीनिशी, नोंदणी क्रमांकानिशी लिहिलेलं आहे. निकाल देणं आयोगाचं काम. शिवाय हे पत्र तुमच्या एकट्यासाठी नाहीच. माण, खटाव, आटपाडी, सांगोला या पट्ट्यात तुमच्या पद्धतीने बाळंतपणं उरकणारे आणखीही आहेत. वाचून ज्याला टोचेल त्याने ते आपल्यालाच आलं आहे असं समजावं.

तुमच्या दवाखान्यात जन्मताना गुदमरलेल्या त्या बाळाची मी आत्या. तुम्हाला आठवणार नाही. ‘मागचं काढून काय उपयोग’ असं तुम्ही ज्या बाईला ऐकवलंत, ती मी. मागचंच काढायला बसले आहे.

माझी भावजय पहिलटकरीण. दिवस पूर्ण भरलेले, सोनोग्राफी चांगली, बाळाचे ठोके चांगले, हे सगळं तुमच्याच फाइलीत तुमच्याच अक्षरात आहे. संध्याकाळी कळा सुरू झाल्या तेव्हा ग्रामीण रुग्णालय सोडून आम्ही तुमच्याकडे आलो. सरकारीत रात्री डॉक्टर नसतो आणि पैसे मोजले की डॉक्टर असतो, ही आमची समजूत. आल्या आल्या तिच्या सासऱ्यांच्या पुढे छापील कागद आला, ‘इथे सही करा, आजोबा.’ त्यांनी केली. कागदावर नाव आणि तारीख सोडून सगळे रकाने रिकामे होते. तुम्ही तपासलंत, ‘सकाळपर्यंत होईल’ म्हणालात आणि घरी गेलात.

मध्यरात्रीनंतर सिस्टरने सलाईनमधून कळा वाढवायचं औषध सुरू केलं. कळा एकीवर एक येऊ लागल्या. भावजय म्हणत होती, ‘आक्का, मधी दम घ्यायलाच मिळंना.’ सिस्टरने तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात, ‘थेंब वाढव.’ पहाटे पुन्हा लावला, पुन्हा तेच. फोन स्पीकरवर होता आणि मी दाराशी होते. शेवटी आयाबाई टेबलाच्या पायरीवर चढली आणि कोपरांनी पोट खाली रेटू लागली. बाळ आलं. रडलं नाही. त्याचे पाय धरून उलटं केलं, पाठीवर चापट्या मारल्या, तोंडावर पाणी मारलं. श्वास देणारी पिशवी कपाटात होती आणि कपाटाला कुलूप होतं. किल्ली ज्यांच्याकडे होती त्या दुसऱ्या सिस्टर सुटीवर होत्या.

तुम्ही आलात तेव्हा बाळ माझ्या मांडीवर होतं आणि गाडी सुरू झाली होती. ऑक्सिजन नाही, सोबत नर्स नाही. हातात एक चिठ्ठी, तिच्यावर दोन ओळी. दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव करत आम्ही साताऱ्याला पोहोचलो. पुसेगावच्या अलीकडे बाळाला पहिला झटका आला. एवढ्याशा मुठी आवळल्या आणि ओठ निळे पडले. त्या रस्त्यावर मी आयुष्यभर ये-जा केली आहे. तो एवढा लांब आहे हे मला माहीत नव्हतं.

नंतर तुम्ही आम्हाला कारणं दिलीत. एकेक घेऊ.

पहिलं, ‘नाळ गळ्याला गुंडाळली होती.’ नाळ बिचारी उलट बोलत नाही, म्हणून तिच्यावर आळ घालणं सोपं. दर चार-पाच बाळांतल्या एकाच्या गळ्याभोवती नाळ असते आणि त्यातली बहुतेक बाळं ठणठणीत जन्मतात. नाळेचा ताण बाळाला सोसत नसेल तर त्याच्या हृदयाचे ठोके ते आधीच सांगतात. ते ऐकायला कुणीतरी कान लावून बसावं लागतं. कोण बसलं होतं?

दुसरं, ‘बाळाने पोटात शी केली.’ केली असेल. गुदमरणाऱ्या बाळाला तसं होऊ शकतं. पण ते गुदमरतंय हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं, आणि ध्यानात आल्यावर काय केलं? तिसरं, ‘आईने जोर लावला नाही.’ रात्रभर औषधाच्या कळा सोसलेल्या बाईवर हा ठपका ठेवताना तुमची जीभ अडखळली नाही. ती आजही तो ठपका खरा मानते. घरात कुणी काही बोललं नाही तरी बाळाला मांडीवर घेऊन ती एकटीच पुटपुटते, ‘माझंच चुकलं.’ तुमच्यावरच्या आरोपांत मी हा सगळ्यात वर ठेवते. आणि चौथं, ‘देवाची मर्जी.’ देवावर आमचा विश्वास आहे, शेजारी गोंदवले आहे. पण त्या रात्रीची ड्युटी देवाची नव्हती, तुमची होती.

आता थोडं वैद्यकशास्त्र. ते तुम्हाला येतं. मी लिहिते ते आमच्या लेकीसुनांसाठी. कळ आली की गर्भाशय आवळतं आणि तेवढा वेळ वारेतून बाळाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो. कळ ओसरली की तो पूर्ववत होतो. धडधाकट बाळ हे सोसतं, कारण दोन कळांच्या मध्ये त्याला उसंत मिळते. आमच्याकडे पोरं विहिरीत पोहायला शिकतात. बुडी मारून वर आलेल्या पोराला दम घेऊ न देता पुन्हा पुन्हा खाली दाबलं तर त्याचं जे होईल, तेच कळांच्या मध्ये उसंत न मिळालेल्या बाळाचं होतं. म्हणून ऑक्सिटोसिन हे औषध ‘लावून दिलं आणि गेलो’ असं वापरायचं नसतं. ते थेंबाथेंबाने वाढवायचं, पोटावर हात ठेवून कळा मोजायच्या, दहा मिनिटांत पाचांहून जास्त कळा येऊ लागल्या तर थांबवायचं. बाळाचे ठोके मिनिटाला 110 ते 160 असायला हवेत. कळा नेटाने सुरू झाल्यावर दर 15 ते 30 मिनिटांनी आणि जोर लावायच्या टप्प्यात दर 5 मिनिटांनी ते ऐकायचे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटावर दाब देऊन बाळ ढकलू नये, हेही तिने 2018 च्या सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे. जन्मल्यावर बाळ श्वास घेत नसेल तर पहिल्या मिनिटात पिशवी आणि मास्क लावून श्वास द्यायचा. त्याचं शिक्षण देण्यासाठी केंद्र सरकारने 2009 पासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम चालवला आहे. यातल्या कशालाच कोट्यवधींचं यंत्र लागत नाही. घड्याळ लागतं, कान लागतो, उघडं कपाट लागतं आणि जागं माणूस लागतं.

एक गोष्ट मी तुमच्या बाजूनेही सांगते, कारण खोट्याच्या आधाराने मला लढायचं नाही. आमच्या मुलासारख्या, सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडलेल्या प्रत्येक मुलामागे डॉक्टरची चूक नसते. बहुतेकांत कारण बाळंतपणाच्या तासांच्या आधीचं किंवा नंतरचं असतं. दिवस न भरता झालेला जन्म, गर्भातला संसर्ग, वाढलेली कावीळ, जनुकीय दोष, अशी कितीतरी कारणं आहेत. खांदा अडकून हात लुळा पडलेलं प्रत्येक बाळही कुणी ओढल्यामुळे तसं झालेलं नसतं. बाळंतपण हा जोखमीचा प्रसंग आहे आणि हजर राहून, जिवापाड कष्ट करून अपयश आलेल्या डॉक्टरला मी हात जोडेन. अशा प्रामाणिक डॉक्टरला कायदाही शिक्षा देत नाही. 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की डॉक्टरवर फौजदारी गुन्हा चालवायचा तर हलगर्जी ढोबळ, अक्षम्य स्वरूपाची असायला हवी आणि त्याआधी निष्पक्ष वैद्यकीय मत घ्यायला हवं. हे संरक्षण योग्यच आहे. फक्त ते खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरसाठी आहे. घरी झोपून थेंब वाढवणाऱ्याने त्याच्या पदराआड लपू नये.

आणि मग तुमचा केस पेपर. तो मिळवायला आम्हाला किती हेलपाटे घालावे लागले ते जाऊ दे. ‘फाइल ऑडिटला गेली’, ‘मॅडम आल्यावर बघू’, ‘कशाला हवाय?’ शेवटी वकिलांनी लेखी अर्जाची पोच मागितली आणि दुसऱ्याच दिवशी झेरॉक्स हातात आली. तो कागद मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पसरून वाचला. रात्री दर अर्ध्या तासाला नोंद: ठोके 140, 142, 140, 142. एकच अक्षर, एकच शाई, एकाच दाबाने लिहिलेलं, एकही खाडाखोड नाही. रात्रभर जागणाऱ्या माणसाचं अक्षर असं नसतं. मी खालच्या ओळी वाचत गेले. 5 वाजता ठोके 140. साडेपाचला ठोके 142, ‘आईच्या पोटावरून ऐकले’. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला बाळाच्या जन्माची वेळ आहे, 5 वाजून 12 मिनिटं. म्हणजे जन्मून अठरा मिनिटं झालेल्या बाळाचे ठोके तुमच्या दवाखान्यात आईच्या पोटावरून ऐकू आले. तेव्हा ते बाळ माझ्या मांडीवर होतं, डॉक्टर, आणि त्याला श्वास हवा होता.

तो कागद वाचेपर्यंत आमच्या घरात ‘नशीब’ हाच शब्द होता. त्यानंतर तो कुणी उच्चारला नाही.

मग तुमच्या वतीने गावातले एक वजनदार गृहस्थ घरी आले. चहा घेतला. म्हणाले, ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. डॉक्टर बिल परत द्यायला तयार आहेत, वर थोडं देतील. पोरगं काय कोर्टातून बरं होऊन येणार आहे?’ नाही येणार. पण त्याला रोज जेवू घालायला कोण येणार आहे, ते त्यांनी विचारलं नाही. तुम्हीही नाही. ऐका. भावजय भिंतीला टेकून बसते, मुलाची मान डाव्या हाताच्या कोपराच्या बेचक्यात धरते आणि मऊ भाताची पेज चमच्याच्या टोकावर घेऊन गालाच्या आतल्या बाजूला सोडते. मग थांबते. गळ्याखालून घास उतरलेला बोटाने चाचपून बघते. नाही उतरला तर पाठ चोळते, कारण ठसका लागला की पेज छातीत जाते आणि पुन्हा न्यूमोनिया. अर्धी वाटी संपायला तास जातो. दिवसातून चार वेळा. ती पूर्वी कापड शिवायची, मशीनवर आता धूळ आहे. भाऊ मुंबईला माथाडीत होता, तो परत आला. फिजिओथेरपीला साताऱ्याला जायचं तर एसटीचे दोन टप्पे आणि अख्खा दिवस. झटक्यांची औषधं एक दिवस चुकवून चालत नाहीत. मुलगा आम्हाला ओळखतो. माझा आवाज आला की हसतो. तुमच्या गृहस्थांनी देऊ केलेली रक्कम या घराला किती महिने पुरली असती, त्याचा हिशेब करून बघा.

तुमचा सगळा भरवसा आमच्या अडाणीपणावर होता. तेव्हा आम्ही काय शिकलो ते तुम्हाला कळवते.

आम्ही शिकलो की तो केस पेपर तुमच्या मालकीचा नव्हताच. रुग्णाने किंवा नातेवाइकाने मागितल्यापासून 72 तासांत कागदपत्रं द्यावीत आणि नोंदी 3 वर्षं जपाव्यात, हे भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांत आहे. त्याच्याही आधी, 1996 मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने रहेजा प्रकरणात सांगितलं होतं की केस पेपरच्या प्रती रुग्णाला द्यायलाच हव्यात. म्हणजे ‘ऑडिटला गेली’ हे उत्तर देण्याचा हक्कच तुम्हाला नव्हता.

आम्ही शिकलो की रिकाम्या कागदावरची भावजयीच्या सासऱ्यांची सही तुमची ढाल नाही. समीरा कोहली प्रकरणात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की उपचार काय, धोका काय, दुसरा मार्ग कोणता, हे सांगितल्यावर मिळालेली संमती हीच संमती. आणि हलगर्जीला तर कुणी कधी संमती देऊच शकत नाही.

आम्ही शिकलो की डॉक्टरचं कर्तव्य काय, हा प्रश्न या देशात फार पूर्वी सुटला आहे आणि तो सुटला आपल्याच महाराष्ट्रातल्या एका घराच्या दुःखातून. 1953 च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुण मुलाचं मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला नेलं. तिथे भूल न देता, जोर लावून हाड ओढलं गेलं आणि मुलगा दगावला. वडील स्वतः डॉक्टर होते, ते हटले नाहीत. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोशी विरुद्ध गोडबोले या निकालात डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे काळजीपूर्वक ठरवणं, कोणता उपचार द्यायचा हे काळजीपूर्वक ठरवणं आणि तो उपचार काळजीपूर्वक देणं. तुम्ही आमची बाई हाती घेतलीत, उपचार ठरवलात आणि द्यायच्या वेळी घरी होतात. 2018 मध्ये रत्नागिरीच्याच एका प्रकरणात सिझेरियननंतर पुन्हा दाखल झालेल्या बाईवर, डॉक्टर हजर नसताना, फोनवरून उपचार चालले आणि ती दगावली. अटकपूर्व जामीन नाकारताना मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं, की निदान न करता औषध देणं ही गुन्हेगारी स्वरूपाची हलगर्जी ठरू शकते. तुमचा तो स्पीकरवरचा आवाज मी या निकालाशेजारी ठेवून बघते.

आम्ही शिकलो की पैसे मोजून घेतलेला उपचार ही ग्राहक कायद्याखालची सेवा आहे. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध शांता या 1995 च्या निकालापासून त्यात शंका उरलेली नाही. बिल विमा कंपनीने किंवा मालकाने भरलं तरी रुग्ण ग्राहकच. 2019 च्या नव्या कायद्याने आणखी एक सोय केली. तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात त्याला तक्रार करता येते. दवाखाना पुण्यात असो, सांगलीत असो की अकलूजला, माणच्या माणसाने साताऱ्याच्या आयोगात जावं. दवाखान्याला दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत मात्र 2 वर्षांची. उशिराचं सबळ कारण पटवून दिलं तर आयोग माफी देऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नये. आणि दरवेळी तज्ज्ञाचं मत आणल्याशिवाय तक्रार चालत नाही, ही समजूतही 2010 च्या किशन राव निकालाने मोडली. चूक धडधडीत दिसत असेल तर ती दिसते आहे असं म्हणायला आयोग मोकळा आहे. जन्मानंतर पोटावरून ऐकलेले ठोके कुठल्या तज्ज्ञाला दाखवायचे?

आम्ही शिकलो की अशा मुलाचं आयुष्य किती लांब असतं, हे न्यायालयाला कळतं. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात 1996 मध्ये दिवस न भरता एक मुलगी जन्मली. अशा बाळांचे डोळे वेळेत तपासायचे असतात, ते कुणी तपासले नाहीत आणि तिची दृष्टी गेली. कृष्णकुमार विरुद्ध तमिळनाडू राज्य या प्रकरणात 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या उपचारांचा खर्च आणि वाढती महागाई धरून सुमारे 1 कोटी 80 लाख रुपये द्यायला लावले. त्याआधी 1998 च्या स्प्रिंग मेडोज प्रकरणात मुलाबरोबर आईबापांनाही स्वतंत्र भरपाई मिळाली, कारण आयुष्य त्यांचंही मोडतं. माझ्या भावजयीची शिवणाची मशीन त्या हिशेबात बसते.

आणि आम्ही शिकलो की ग्राहक आयोग हा एकच दरवाजा नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते, ते तुमची नोंदणी काही काळ काढून घेऊ शकतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये हलगर्जीने मृत्यू झाला तर उपचार करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरला 2 वर्षांपर्यंत कैद आहे. जबर दुखापतीसाठी कलम 125 आहे. मी पोलिसांत गेलेले नाही. तुम्हाला तुरुंगात पाहून आमच्या मुलाची मान सावरणार नाही. पण तो दरवाजा मला माहीत नाही असं समजू नका.

सरकारी दवाखान्यातल्या साहेबांनीही हे पत्र बाजूला ठेवू नये. सगळ्यांना मोफत उपचार देणारा सरकारी दवाखाना ग्राहक कायद्यात येत नाही, हे खरं. म्हणून सरकार सुटत नाही. 1963 च्या जुलैत औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एक बाई बाळंत झाली, तीन दिवसांनी तिची नसबंदी झाली आणि त्या शस्त्रक्रियेत टॉवेल पोटातच राहिला. ती त्याच महिन्यात गेली. नवऱ्याने दिवाणी दावा लावला. खालच्या न्यायालयाने 36 हजार रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते काढून घेतले आणि 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत दिले. खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. सरकारी नोकराच्या हलगर्जीची जबाबदारी सरकारवर आहे, हे त्या माणसाने 33 वर्षं झगडून सगळ्यांसाठी ठरवून घेतलं. पोटात टॉवेल सापडूनही राज्य सरकार इतकी वर्षं ‘आमची चूक नाही’ म्हणत लढलं, याची लाज त्या खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाला वाटायला हवी. आता सरकारविरुद्ध रिट याचिकेसाठी मुंबईही गाठायला नको. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला बसतं आणि सातारा, सांगली, सोलापूर त्याच्या कक्षेत आहेत.

तुम्ही म्हणाल, लोक दवाखाने फोडतात, डॉक्टरला मारतात, म्हणून आम्ही घाबरतो. मारणारे चुकतात. तो गुन्हा आहे, त्यासाठी राज्यात 2010 पासून वेगळा कायदा आहे आणि काच फोडणारा नातेवाईक आपल्याच बाळाची केस फोडतो. त्या सकाळी आमचेही चार तरणे पोरगे हातात काठ्या घेऊन निघाले होते. माझ्या भावाने त्यांना एसटी स्टँडवरून परत पाठवलं. तुमच्या खिडकीला साधा ओरखडा पडला नाही. त्या बदल्यात आम्हाला खरं उत्तर मिळेल असं त्याला वाटलं होतं. तुम्ही त्याला खोटा केस पेपर दिलात. डॉक्टर आणि गाव यांच्यातला विश्वास तुटला म्हणून तुमच्या संघटना सभा घेतात. एक सभा या विषयावरही घ्या: रात्री दोन वाजता कळांचं औषध चालू असलेल्या बाईजवळ कोण असतं?

मला तुमच्याकडून काय हवंय ते सरळ सांगते. आयोगापुढे मूळ नोंदवही आणा, झेरॉक्स नको. त्या रात्री तुम्ही कुठे होतात ते शपथेवर सांगा. ज्या सिस्टरला तुम्ही आता पुढे करताय, तिला मोकळं करा. तुमच्या पगारावरची ती पोर थेंब तुमच्या सांगण्यावरून वाढवत होती. मुलाच्या जन्मभराच्या उपचारांचा खर्च उचला. आणि माझ्या भावजयीसमोर उभं राहून एवढं म्हणा, की तुझं काही चुकलं नव्हतं.

आता शेवटचे शब्द तुमच्यासाठी नाहीत. माणच्या आणि आसपासच्या घरांसाठी आहेत.

बायांनो, बाळंतपणाला जाताना विचारा: रात्री डॉक्टर इथे असतात का? कळांचं औषध लावलं तर शेजारी कोण थांबणार? ठोके दर किती वेळाने ऐकणार? विचारलं म्हणून कुणी रागावलं, तर उजाडायच्या आत दुसरा दवाखाना बघा. आणि वाईट घडलंच, तर आधी बाळाला मोठ्या रुग्णालयात हलवा. 108 ला फोन करा. मग त्याच आठवड्यात लेखी अर्ज देऊन दोन्ही दवाखान्यांचे कागद मागा, पोच घ्या. दुसऱ्या दवाखान्यातल्या बालरोगतज्ज्ञाने दाखल करताना लिहिलेली पहिली नोंद जिवापाड जपा, कारण ती लिहिणाऱ्याला काही लपवायचं नसतं. मुलाला साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात दाखवा, उपचार लवकर सुरू करा, अपंगत्वाचा दाखला काढा; 2016 च्या दिव्यांग कायद्यात सेरेब्रल पाल्सीचं नाव आहे. वकिलाची फी परवडत नाही म्हणून घरी बसू नका. बाई आणि मूल यांना उत्पन्न न विचारता सरकारी खर्चाने वकील देण्याची तरतूद 1987 च्या विधी सेवा कायद्यात आहे, तालुक्याच्या न्यायालयात त्याची समिती असते. मध्यस्थाला चहा द्या, सही देऊ नका.

आणि बाळंतिणीला कुणी दोष दिला तर त्याला घराबाहेर काढा.

कागद मागा. 72 तासांत तो देणं दवाखान्यावर बंधनकारक आहे, आणि आयोगात जायला तुमच्या हातात 2 वर्षं आहेत.

— त्या बाळाची आत्या,
माण, जि. सातारा